दापोडीची बाग गेली, गणेशखिंडीची टिकली. दोन्हींच्या मधला डॉक्टर गिब्सन

पुण्यात विद्यापीठाच्या परिसराला लागून जुन्या झाडांची एक मोठी बाग आहे, गणेशखिंड उद्यान. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. बाग १८७३ ची, म्हणजे हा शिक्का मिळायला तब्बल १४७ वर्षं लागली. आता झाडं तर आधीपासूनच होती, मग शिक्क्याने काय फरक पडतो? हे कळायला अलेक्झांडर गिब्सन या माणसाची गोष्ट माहिती पाहिजे.

गिब्सनचा जन्म १८०० सालचा, गाव स्कॉटलंडमधलं. ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर म्हणून तो भारतात आला. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचत फिरला, मराठी शिकला. गावोगाव फिरताना इथली झाडं आणि शेती त्याला जवळून बघायला मिळाली.

पुण्याजवळ दापोडीला गव्हर्नर माल्कमने १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू केलं होतं. १८३८ मध्ये ते गिब्सनच्या हातात आलं. त्याने तिथे औषधी वनस्पती लावल्या आणि त्यांची औषधं कंपनीच्या औषधभांडाराला पुरवायला सुरुवात केली. जुन्नरजवळ हिवऱ्यालाही लागवड केली. दापोडीतल्या झाडांची चित्रं त्याने इथल्याच एका चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र मागे राहिलं नाही.

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जहाजांसाठी सागवान बेसुमार तोडलं जात होतं. जंगल गेलं की ओढे आटतात, हे तो सरकारला कळवत राहिला. याला दुसरी बाजूही आहे. जंगल राखण्याच्या नावाखाली डोंगरातल्या लोकांच्या फिरत्या शेतीवर बंधनं आली आणि त्याची झळ गरिबांना बसली.

१८६० मध्ये तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी डाल्झेलसोबत लिहिलेला त्याचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला. पण तेवढ्यात गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीला हलवायचं ठरलं आणि १८६५ च्या सुमारास दापोडीची बाग मोडीत निघाली. साहेबाचा बंगला हलला, बाग संपली. तिला वाचवेल असा कुठला कायदाच नव्हता. १८६७ मध्ये गिब्सनही गेला.

नंतर गणेशखिंडीला नवी बाग झाली. आज ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ नुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांशी चर्चा करून अशी जागा राजपत्रात जाहीर करू शकतं. त्यामुळे जागेचं महत्त्व सरकारदरबारी नोंदलं जातं आणि उद्या कुणाला ती हलवायची झाली, तर या नोंदीला उत्तर द्यावं लागतं.

हा कायदा फक्त पुण्यासाठी नाही. बुलढाण्यातल्या वरवट बकालसारख्या गावातही ग्रामपंचायतीने जैवविविधता समिती नेमायची असते आणि गावातल्या झाडाझुडपांची नोंदवही करायची असते. आपल्या गावची देवराई किंवा जुनी आमराई त्या वहीत आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येतं. दापोडीच्या वेळी अशी वहीच नव्हती.