डॉ. कमला सोहोनी

बाईंनी भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तींची माहिती लिहायला सांगितली. मी कमलाबाई निवडल्या, कारण त्या आपल्या रोजच्या खाण्यातल्या शास्त्रज्ञ होत्या.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म इंदूरला झाला. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या सख्ख्या बहीण. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून पहिल्या नंबराने बी.एस्सी. पास झाल्या. मग त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक सर सी. व्ही. रामन, म्हणजे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. पण त्यांनी मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला! कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रह केला. शेवटी साहेबांनी घेतलं, पण अटी घातल्या. पहिलं वर्ष प्रवेश कच्चा, काम पसंत पडलं तरच पक्का. आणि त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष उडायला नको. ही अट मला मुळीच पटली नाही. वर्षभर त्या खूप राबल्या. रामन साहेबांना काम पसंत पडले, आणि पुढे तिथे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

हे मी आजीला वाचून दाखवलं. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पोरीनं पाचवीला दुसऱ्या गावी कशाला जायचं, असं आजी म्हणती. तिनं हा भाग मला दोनदा वाचायला लावला.

नंतर कमलाबाई इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करून १९३९ साली पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मग त्या भारतात परत आल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी व कडधान्यांचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यात प्रथिने पचू न देणारा एक पदार्थ असतो. शिजवल्यावर तो बराच कमी होतो. म्हणून घुगऱ्या चांगल्या शिजवाव्यात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सांगण्यावरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. नीरा म्हणजे ताडाचा, शिंदीचा ताजा गोड रस. तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह सापडले. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायांना नीरा दिली, तर त्यांची तब्येत सुधारली. ह्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

१९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार होता. तिथेच त्या कोसळल्या आणि थोड्या दिवसांत वारल्या. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी