डेव्हनपोर्टचा हाडवैद्य

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता कमरेत अशी उसण भरली, की फावडं तिथेच टाकून भिंतीला धरत धरत घरात आलो. शेक झाला, मलम झालं, गोळ्या झाल्या. तेव्हा आई साताऱ्याहून आलेली. गावी असतास तर हाडवैद्याने एव्हाना बसवून दिलं असतं, हे तिचं पालुपद सुरू झालं. शेवटी मित्राच्या आग्रहाने एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो. कडकट असा आवाज आला, घाम फुटला. पण तीन-चार खेपांत मला वाकून मोजे घालता येऊ लागले.

पाचव्या खेपेला मात्र मी चपापलो. माझा डायबिटीससुद्धा मणक्यामुळेच आहे, वर्षभराचं पॅकेज घेतलंत तर गोळ्याही सुटतील, असं ते गृहस्थ सांगू लागले. ज्यांच्या हाताने कंबर सुटली, त्यांच्याच तोंडी हे कसं? त्याचं मूळ शोधायला बसलो आणि एक अजब माणूस भेटला. डॅनियल डेव्हिड पामर.

पामरांचा जन्म 1845 सालचा, कॅनडात टोरांटोजवळचा. वयाच्या विसाव्या वर्षी ते अमेरिकेत आले, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच परदेशातून आलेले! शाळामास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवलं. मग चाळिशीनंतर चुंबकीय उपचारांचा, म्हणजे हात फिरवून रोग बरा करण्याचा धंदा सुरू केला. मिसिसिपीच्या काठी आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावात त्यांचा जम बसला. डॉक्टरकीची पदवी नव्हती, पण वाचन भरपूर आणि स्वतःवर विश्वास त्याहून भरपूर.

1895 च्या सप्टेंबरात ती प्रसिद्ध घटना घडली. त्यांच्याच इमारतीत झाडलोट करणारा हार्वी लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय कामगार बरीच वर्षं कमी ऐकत असे. त्याच्या पाठीत पामरांना एक उंचवटा जाणवला. त्यांनी तो दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं, असं पामर सांगत. लिलार्डच्या मुलीने पुढे वेगळीच हकीकत सांगितली: थट्टामस्करीत पाठीवर थाप बसली आणि त्यातून हे सगळं झालं. खरं काय ते देव जाणे. कानाची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ही अडचण आहेच. पण पामरांना गुरुकिल्ली सापडली होती. हाताने केलेलं, अशा अर्थाचं ग्रीक नाव एका पाद्री मित्राने सुचवलं आणि कायरोप्रॅक्टिकचं बारसं झालं. 1897 मध्ये शाळाही निघाली.

इथेच माझ्या कोड्याचं उत्तर मिळालं. पाठ दाबून लोकांना आराम पडतो, एवढ्यावर पामर थांबले नाहीत. शंभरातले पंच्याण्णव रोग मणका सरकल्याने होतात, असं त्यांनी ठरवून टाकलं. लशीलाही त्यांचा विरोध होता. 1906 साली परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल शिक्षा झाली, तेव्हा दंड भरायचा सोडून ते आधी तुरुंगात जाऊन बसले. त्याच सुमारास शाळा मुलाच्या, म्हणजे बी. जे. पामरांच्या हाती गेली. बापलेकांचं पुढे फारसं पटलं नाही. 1913 मध्ये लॉस एंजेलिसला टायफॉइडने पामर वारले. त्याच वर्षी कॅन्सस राज्याने परवान्याचा कायदा केला. शेवटचं राज्य लुइझियाना, ते 1974 मध्ये. डॉक्टरांच्या संघटनेने टाकलेल्या बहिष्काराविरुद्धचा खटलाही कायरोप्रॅक्टरांनी 1987 मध्ये जिंकला.

पण मंडळी, कोर्टात जिंकणं वेगळं आणि तपासणीत उतरणं वेगळं. ती तपासणी पामर गेल्यावर पुष्कळ वर्षांनी झाली. 2017 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ताज्या कंबरदुखीवरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशोब आला. पंधरा चाचण्या, सतराशेवर रुग्ण. शंभराच्या मापावर वेदना सरासरी दहा अंकांनी उतरली. म्हणजे चमत्कार नाही, पण नेहमीच्या वेदनाशामक गोळीइतका गुण म्हणता येईल. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या कॉलेजनेही ताज्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर किंवा मणक्यावरचे हे उपचार करून पाहावेत असं सांगितलं. 2018 मध्ये 750 सैनिकांवरची चाचणी छापून आली. नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. आणि गंमत म्हणजे त्या कामात डेव्हनपोर्टच्या पामर कॉलेजचेच संशोधक होते.

मानेचं काय? 2012 च्या एका चाचणीत हे उपचार औषधांपेक्षा सरस ठरले, पण नीट शिकवलेले घरचे व्यायामही जवळजवळ तितकेच उपयोगी पडले. शिवाय मानेला झटका देण्याचा संबंध क्वचित रक्तवाहिनी फाटण्याशी आणि त्यातून पक्षाघाताशी जोडला गेला आहे. ही जोखीम रुग्णाला आधी सांगावी, असं हृदयविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये म्हटलं. आणि पंच्याण्णव रोगांचं? 1998 मध्ये दम्याच्या मुलांवर खरे आणि खोटे उपचार करून पाहिले, तर दोन्ही गटांत फरक पडला नाही.

आपल्या गावच्या हाडवैद्याच्या हाताला गुण असतोही. पण म्हणून कोणी त्याच्याकडून कावीळ उतरवून घेतो का? पामरांच्या हाताला काहीतरी खरं सापडलं होतं. त्याचं सगळं जग करायला गेले, तिथे चुकले. त्यांची ती चूक सव्वाशे वर्षांनी माझ्या पॅकेजच्या कागदावर उतरली होती.

मी सही केली नाही. कंबर पुन्हा धरली तर कदाचित परत जाईनही, पण डायबिटीसच्या गोळ्या चालू आहेत आणि रोज सकाळी पंधरा मिनिटं व्यायामही. आईला फोनवर पामरांची सगळी कथा सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि यंदा बर्फ उपसायला माणूस लावशील ना, एवढंच विचारलं.