ललिता पवार

ललिता पवार (१८ एप्रिल १९१६, येवला, जिल्हा नाशिक – २४ फेब्रुवारी १९९८, पुणे) या मराठी व हिंदी चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ चरित्र अभिनेत्री होत्या. त्यांचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. मूकपटात बालकलाकार म्हणून सुरू झालेली त्यांची कारकीर्द सुमारे सात दशके चालली. या काळात त्या नायिका, गायिका व निर्मात्या होत्या. मात्र प्रेक्षकांच्या स्मरणात त्या प्रामुख्याने खाष्ट सासू आणि 'रामायण' मालिकेतील मंथरा म्हणून राहिल्या. 'अनाडी' (१९५९) या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तर १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्काराने त्यांना गौरविण्यात आले.

जन्म व बालपण

येवला हे गाव पैठणीसाठी व हातमागासाठी प्रसिद्ध आहे. अंबा यांचे वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. घरची स्थिती संपन्न होती. त्या काळी घरंदाज कुटुंबातील मुलींनी रंगभूमीवर वा चित्रपटात काम करणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाला करावी लागली होती, ती स्त्री कलाकार मिळत नसल्यामुळेच. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १९२८ मध्ये, त्याच नावाच्या दुसऱ्या एका मूकपटात अंबा बालकलाकार म्हणून पडद्यावर आल्या. या पंधरा वर्षांत परिस्थिती पालटू लागली होती, तरी पूर्ण पालटली नव्हती, हे लक्षात घेतल्यास त्यांच्या पदार्पणाचे महत्त्व कळते.

मूकपटांचा काळ

पुणे हे त्या वेळी मूकपटनिर्मितीचे एक महत्त्वाचे केंद्र होते. ना. दा. सरपोतदार यांच्या पुण्यातील आर्यन फिल्म कंपनीत अंबा यांच्या अभिनयाची सुरुवात झाली. पुढे दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्या साहसपटांतून त्या नायिका म्हणून पुढे आल्या. गणपतरावांशी त्यांचा विवाह झाला आणि अंबा सगुण या ललिता पवार या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. हा विवाह पुढे टिकला नाही. पवार हे आडनाव मात्र त्यांनी पडद्यावर अखेरपर्यंत वापरले.

गणपतरावांनी दिग्दर्शित केलेल्या 'दिलेर जिगर' (१९३१) या मूकपटात ललिताबाईंची प्रमुख भूमिका होती. तलवारबाजी, पाठलाग व वेषांतर यांनी भरलेल्या या साहसपटाला आज वेगळेच महत्त्व आले आहे. भारतातील बहुसंख्य मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. जे थोडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाले, त्यांत 'दिलेर जिगर'चा समावेश होतो. ललिताबाईंना केवळ सासूच्या रूपात ओळखणाऱ्या अभ्यासकाला त्यांची तरुण, चपळ आणि धाडसी नायिका या चित्रपटात पाहता येते.

नायिका व निर्माती

१९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाल्यावर मूकपटांचे युग वेगाने संपुष्टात आले. अनेक कलाकारांना बोलपटात स्थान टिकवता आले नाही, कारण संवादाची भाषा स्पष्ट असणे आणि स्वतः गाता येणे या दोन अटी नव्याने आल्या. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. ललिताबाई या दोन्ही कसोट्यांना उतरल्या. 'हिम्मते मर्दां' (१९३५) या चित्रपटात त्यांनी नायिकेच्या भूमिकेबरोबर गायनही केले.

'कैलास' (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. पुढे त्यांनी 'दुनिया क्या है' या बोलपटाची निर्मिती केली. त्याचे कथानक लिओ टॉलस्टॉय यांच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीवर आधारलेले होते. विशीच्या आसपासच्या एका मराठी अभिनेत्रीने फसवल्या गेलेल्या स्त्रीची आणि तिच्यावर अन्याय करणाऱ्या पुरुषाच्या पश्चात्तापाची कथा निर्मितीसाठी निवडावी, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती.

मराठीत भालजी पेंढारकर यांचा 'नेताजी पालकर' (१९३९) आणि वि. स. खांडेकर यांच्या कथेवरील, मास्टर विनायक दिग्दर्शित 'अमृत' (१९४१) हे त्यांचे या काळातील उल्लेखनीय चित्रपट होत. 'संत दामाजी' व 'गोरा कुंभार' या संतपटांतही त्यांनी काम केले.

चित्रीकरणातील अपघात

१९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगात अभिनेते मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना चपराक मारायची होती. हा आघात अनवधानाने फार जोराचा बसला. त्यांच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा बराचसा सावरला, परंतु डाव्या डोळ्यातील व्यंग कायम राहिले.

त्या वेळी ललिताबाईंचे वय सव्वीस होते. नायिकेच्या चेहऱ्याकडून निर्दोष सौंदर्याची अपेक्षा करणाऱ्या व्यवसायात त्यांच्यासाठी नायिकेच्या भूमिका यामुळे बंद झाल्या. चित्रपटसृष्टी सोडणे किंवा चरित्र भूमिका स्वीकारणे, एवढेच पर्याय उरले. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. समवयस्क अभिनेत्री नायिका म्हणून पडद्यावर असताना आई, आत्या, सासू अशा भूमिका करण्यास त्या सिद्ध झाल्या.

रामशास्त्री

प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' (१९४४) हा या नव्या टप्प्यातील पहिला महत्त्वाचा चित्रपट ठरला. पेशवाईतील निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या जीवनावरील या चित्रपटात गजानन जागीरदार यांनी रामशास्त्र्यांची, तर ललिताबाईंनी राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांची भूमिका केली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. आनंदीबाईंनी पत्रातील 'ध' चा 'मा' करून 'धरावे'चे 'मारावे' केले, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. सत्ताकांक्षी व कारस्थानी स्त्रीची ही भूमिका त्यांच्या पुढील वाटचालीची दिशा दाखवणारी होती. एका शब्दाने घराची घडी विस्कटणारी स्त्री त्यांनी पुढे अनेकदा साकारली.

दहेज आणि सासूची प्रतिमा

व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) या चित्रपटाने ललिताबाईंची प्रतिमा पक्की केली. हुंड्यासाठी सुनेचा छळ करणाऱ्या सासूची भूमिका त्यांनी इतक्या परिणामकारकतेने केली की अशा भूमिका आणि त्यांचे नाव हे जणू समीकरणच बनले. या चित्रपटात सुनेची भूमिका जयश्री यांनी आणि तिच्या वडिलांची भूमिका पृथ्वीराज कपूर यांनी केली होती. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये झाला. त्याच्या अकरा वर्षे आधी आलेल्या या चित्रपटाने एक सामाजिक दुखणे प्रेक्षकांसमोर उघडे केले. सासूविषयी चीड निर्माण झाल्याविना चित्रपटाचा हेतू सफल होणे शक्य नव्हते. ही चीड ओढवून घेण्याचे काम ललिताबाईंनी केले.

एकदा प्रतिमा रूढ झाल्यावर निर्माते तीच मागू लागले. वक्र दृष्टी, ताठ मान, बोलण्यातील धार आणि डाव्या डोळ्याचे व्यंग यांचा उपयोग दुष्टपणाचे चिन्ह म्हणून सर्रास होऊ लागला. अपघाताची खूण अशा रीतीने व्यक्तिरेखेचा भाग झाली. 'नील कमल' (१९६८) मधील सासूपर्यंत आणि 'सौ दिन सास के' (१९८०) या शीर्षकातच सासू असलेल्या चित्रपटापर्यंत ही परंपरा चालू राहिली.

प्रतिमेपलीकडील भूमिका

ललिताबाईंच्या कारकिर्दीकडे केवळ खलभूमिकांच्या अंगाने पाहणे अपुरे ठरते. त्यांच्या उत्तम भूमिकांपैकी अनेक भूमिका वात्सल्याच्या आहेत. 'दाग' (१९५२) मध्ये त्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या मुलाच्या आईची भूमिका केली. मुलाचे काम करणारे दिलीपकुमार त्यांच्याहून केवळ सहा वर्षांनी लहान होते. 'श्री ४२०' (१९५५) मध्ये मुंबईच्या पदपथावरील केळी विकणारी गंगामाई त्यांनी रंगवली. नवख्या राजशी केळ्यांच्या भावावरून होणारी तिची घासाघीस विनोदी आहे; परंतु शंभर रुपयांत घर मिळण्याच्या भूलथापेला बळी पडणाऱ्या गरिबांचे दुःख चित्रपटात तिच्यासारख्या माणसांमुळेच जिवंत होते. 'हम दोनो' (१९६१) मधील मेजरची आई हीसुद्धा अशीच एक सौम्य भूमिका.

'अनाडी' मधील मिसेस डिसा ही त्यांची सर्वांत गाजलेली सहृदय भूमिका होय. हृषिकेश मुखर्जी दिग्दर्शित या चित्रपटात ही ख्रिस्ती घरमालकीण आपल्या भाडेकरू तरुणाला सतत रागावते, पण त्याच्यावर मुलासारखी माया करते. भेसळयुक्त औषधामुळे तिचा मृत्यू होतो आणि चित्रपटाचा कथाभाग गंभीर वळण घेतो. वरवर कठोर आणि अंतर्यामी मृदू अशी ही व्यक्तिरेखा ललिताबाईंना विशेष साधली. प्रेक्षकांना परिचित असलेली त्यांची करडी मुद्रा येथे मायेचे पांघरूण ठरते. मुखर्जी यांच्याच 'आनंद' (१९७१) मध्ये त्यांनी रुग्णालयातील शिस्तप्रिय मेट्रनची भूमिका केली, तिचेही नाव डिसा असेच आहे.

गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) मधील स्त्रीस्वातंत्र्याचा आग्रह धरणारी सीतादेवी, बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मधील अस्पृश्यता पाळणारी कर्मठ वृद्धा आणि 'जंगली' (१९६१) मधील घरात हसण्यालाही बंदी घालणारी आई या तिन्ही भूमिका करारी स्त्रियांच्या असल्या, तरी त्यांचा स्वभाव व सामाजिक थर वेगवेगळा आहे. 'प्रोफेसर' (१९६२) मध्ये पुतण्यांना धाकात ठेवणारी प्रौढ स्त्री वृद्धाच्या वेषातील तरुण शिक्षकावर भाळते. प्रसंग हसण्यासाठी रचलेले आहेत. ललिताबाईंनी त्यांत त्या स्त्रीचा एकाकीपणाही दिसू दिला आहे.

अभिनयाचे स्वरूप

मूकपटातील शिक्षणामुळे संवादाविना भाव प्रकट करण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. संवादाआधी केवळ दृष्टिक्षेपाने प्रसंगाचा ताण वाढवणे हे त्यांच्या अभिनयाचे वैशिष्ट्य होते. हिंदी चित्रपटांत आईची भूमिका पुष्कळदा अश्रूंपुरती मर्यादित असे. ललिताबाईंनी वयस्क स्त्रीला इच्छा, सत्ता, मत्सर व अहंकार दिला. त्यांच्या खलभूमिकांचा ठसा टिकून राहिला, त्याचे हे एक कारण मानता येते. त्याचबरोबर त्यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीला तिशीतच वृद्धेची वस्त्रे परिधान करावी लागली, यातून स्त्री कलाकारांच्या वयाकडे व रूपाकडे पाहण्याची चित्रपटसृष्टीची संकुचित दृष्टीही दिसून येते.

रामायण व उत्तरायुष्य

१९६१ च्या 'संपूर्ण रामायण' या चित्रपटात ललिताबाईंनी मंथरेची भूमिका केली होती. सुमारे पाव शतकानंतर रामानंद सागर यांनी 'रामायण' ही मालिका निर्माण केली तेव्हा त्या भूमिकेसाठी त्यांचीच निवड झाली. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी प्रसारित झालेल्या या मालिकेमुळे, त्यांचे जुने चित्रपट न पाहिलेली पिढीही त्यांना ओळखू लागली. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते.

पहिल्या विवाहानंतर त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी विवाह केला होता. अखेरच्या काळात त्यांचे वास्तव्य पुण्यात होते. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी औंध येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्या समयी त्या घरात एकट्याच होत्या. ज्या पुण्यात त्यांनी बालवयात कॅमेऱ्यासमोर काम सुरू केले, त्याच शहरात त्यांच्या जीवनाचा शेवट झाला.

निवडक चित्रपट व मालिका

१९३१ – दिलेर जिगर
१९३५ – हिम्मते मर्दां
१९३९ – नेताजी पालकर (मराठी)
१९४१ – अमृत
१९४४ – रामशास्त्री (आनंदीबाई)
१९५० – दहेज (सासू)
१९५१ – अमर भूपाळी
१९५२ – दाग (आई)
१९५५ – श्री ४२० (गंगामाई)
१९५५ – मिस्टर अँड मिसेस ५५ (सीतादेवी)
१९५९ – अनाडी (मिसेस डिसा)
१९५९ – सुजाता
१९६१ – हम दोनो (मेजरची आई)
१९६१ – संपूर्ण रामायण (मंथरा)
१९६२ – प्रोफेसर
१९७१ – आनंद (मेट्रन डिसा)
१९८० – सौ दिन सास के (सासू)
१९८७ – रामायण, दूरदर्शन मालिका (मंथरा)