संत बहिणाबाई : देह, मन आणि परमार्थ

परमार्थाच्या वाटेवर निघालेल्या माणसाने देहाकडे किती लक्ष द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा निघतो. कोणी म्हणतो, देह नाशवंत, त्याचे काय एवढे कौतुक? दुसरा म्हणतो, आधी दुखणे बरे होऊ द्या, मन जरा ताळ्यावर येऊ द्या, मग परमार्थाचे पाहू. पहिला देहाची हेळसांड करतो आणि दुसऱ्याचा परमार्थ कधी सुरूच होत नाही. या दोघांपुढे एका बाईचे चरित्र ठेवावेसे वाटते. ती बाई म्हणजे श्रीतुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई शिऊरकर.

नावावरून पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगितलेले बरे. खानदेशात होऊन गेलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) त्या निराळ्या. आपल्या बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. जन्म १६२८ सालचा, देह ठेवला १७०० साली. संप्रदायाच्या देवालयाचा पाया कोणता आणि कळस कोणता, हे रूपक प्रत्येक कीर्तनकाराच्या तोंडी असते. ते बाईंच्याच अभंगातले. परंतु बाईंचे आणखी एक मोठे काम आहे. त्यांनी आपले जीवन आपल्याच तोंडाने अभंगांत सांगून ठेवले. त्या काळी स्त्रीने स्वतःची हकीकत मांडावी ही गोष्टच दुर्मिळ. जस्टिन अॅबट यांनी १९२९ साली या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा परदेशच्या वाचकांनाही बाईंची ओळख झाली. पुढे जे सांगायचे आहे ते बहुतेक या आत्मनिवेदनाच्याच आधाराने.

वेरूळच्या परिसरात देवगाव आहे. तेथे आऊजी कुलकर्णी आणि जानकी या दांपत्याच्या पोटी बहिणाबाईंचा जन्म झाला. संततीसाठी आईबापांनी वेरुळास अनुष्ठान केले, त्यानंतरचे हे अपत्य. लहानपणी इतर मुली भातुकली मांडीत, तेव्हा ही पोर देवाची नावे घेण्याचाच खेळ करी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अगदी बाळवयात तिचे लग्न झाले. नवरा शिऊरचा गंगाधर पाठक. वेदविद्या जाणणारा, परंतु वय तिशीचे आणि बिजवर. शिऊर आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात येते.

मुलगी नऊ वर्षांची झाली आणि घरावर संकट आले. भाऊबंदकीच्या तंट्यामुळे आईबाप, जावई आणि मुलगी यांना राहते घर सोडावे लागले. गोदावरीच्या काठाने, यात्रेकरूंच्या संगतीत, धान्य मागत ही मंडळी निघाली. पंढरपूर झाले, शिखर शिंगणापूर झाले, रहिमतपूर झाले, आणि शेवटी कोल्हापुरास मुक्काम पडला. तोवर मुलगी अकरा वर्षांची झाली होती. आता विचार करा. ज्या वयात पोटभर अन्न, पुरेशी झोप आणि मायेचे घर लागते, त्या वयात ही पोर पायी चालत होती आणि परान्नावर वाढत होती. लग्न झाले म्हणून संसाराचे ओझेही तिच्यावर आलेच.

कोल्हापुरात ही मंडळी एका ब्राह्मणाच्या घरी राहिली. त्याने यांना एक सवत्स गाय दिली. वासराला या मुलीचा असा लळा लागला की ती जाईल तिकडे ते मागोमाग जाई. गावात जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने चालली होती. मुलगी कीर्तनास जाई आणि वासरूही तिच्या पाठीशी उभे राही. एके दिवशी गर्दी फार झाली, म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. मुलगी रडू लागली. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी वासराला आत आणविले आणि मुलीच्या व वासराच्या मस्तकावर हात ठेवला.

एवढ्याने गावात बोलबाला झाला. ते बोलणे नवऱ्याच्या कानी गेले आणि त्याच्या संतापाला पार उरला नाही. वेदशास्त्र जाणणाऱ्याच्या घरची बायको कीर्तनात बसते, लोक तिचे नाव घेतात, हे त्याला सोसवेना. त्याने तिला बांधून बेदम मारले. गाईने आणि वासराने चारापाणी सोडले. काही दिवसांत वासरू गेले. मुलगी बेशुद्ध पडली.

वाचकहो, इथे क्षणभर थांबले पाहिजे. ही कथा सांगताना काही जण असे सुचवितात की मार खाल्ला म्हणून बाईंना साक्षात्कार झाला, तेव्हा बायकांनी सोसावे. हा अर्थ बाईंवर अन्याय करणारा आहे. अकरा वर्षांच्या पोरीला मारणे हे पाप ते पापच. त्याला परमार्थाचे सोवळे नेसवू नये. आज कायदाही तसेच सांगतो. घरातल्या हिंसेपासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा २००५ साली आपल्या देशात झाला आहे. बाई मोठ्या झाल्या त्या माराने नव्हे. मार पडून गेल्यावर त्यांना उठवून बसविणारा जो आधार मिळाला, त्याने त्या मोठ्या झाल्या. तो आधार कोणता, हेच या चरित्रात पाहायचे आहे.

कीर्तनांतून मुलीच्या कानांवर तुकोबांचे अभंग पडलेले होते. तुकोबा देहूस, ही कोल्हापुरास. डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. तरी त्या शब्दांनी तिच्या मनात घर केले होते. बेशुद्धीच्या त्या दिवसांत तिला तुकोबांचे स्वप्नदर्शन झाले. त्यांनी मस्तकी हात ठेवला, रामकृष्णहरी हा मंत्र दिला. मुलगी शुद्धीवर आली आणि उठून बसली. म्हणजे पाहा, देह उठला तो नामाच्या बळावर. आणि ते नाम आधीच कानांतून मनात उतरले होते म्हणून ऐन वेळी कामास आले. संकट आल्यावर विहीर खणायला घेतली तर तहान भागत नाही. रोजचे श्रवण, रोजचा हरिपाठ हे याचसाठी असते.

नवऱ्याचा राग यावर आणखीच वाढला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू करावा, ही गोष्ट त्याला मुळीच मान्य होण्यासारखी नव्हती. बायकोला सासऱ्याच्या घरी टाकून आपण निघून जावे, असे त्याने ठरविले. बाईंच्या मनाची ओढाताण इथे सुरू झाली. एका बाजूस पतीची सेवा हा त्या काळी सांगितलेला स्त्रीचा धर्म, दुसऱ्या बाजूस विठ्ठलाची आणि गुरूची ओढ. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, मंत्र मोठ्याने म्हणण्याची मोकळीक नाही, ही खंत त्यांनी अभंगांत उघडपणे मांडली आहे. परंतु कोणावर चिडून घर सोडावे, असेही त्यांच्या मनाने घेतले नाही.

इतक्यात नवराच आजारी पडला. दुखणे महिनाभर हटेना, औषध लागू पडेना. बाई रात्रंदिवस उशाशी बसून राहिल्या. ज्या हातांनी मारले होते, ते हात आता पाण्याचा पेला उचलू शकत नव्हते. आजारपणात माणसाचा अहंकार उतरतो, तसे गंगाधरपंतांचे झाले. एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन त्यांची कानउघाडणी केली, असे बाई सांगतात. ते दुखण्यातून उठले ते निराळेच माणूस होऊन उठले, आणि त्यांनी स्वतःच देहूस जायचे ठरविले. देहाच्या दुखण्याने एकाचे मन वळले, आणि त्याचे मन वळल्यामुळे दुसऱ्याची परमार्थाची वाट मोकळी झाली. देह, मन आणि आत्मा हे जणू तीन मजले आहेत, एक बांधून झाला की दुसरा बांधायला घ्यावा, असे आपण समजतो. बाईंच्या जीवनात तसे दिसत नाही. एकाच घरातली ती तीन माणसे. एकाला बरे वाटले की दुसऱ्याला धीर येतो.

देहूस तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन झाले, कीर्तन ऐकायला मिळाले. परंतु देहूला गेले की दुःख संपले, असे काही नसते. तेथे मंबाजी गोसावी होते. तुकोबांचा द्वेष करणारे म्हणून ते प्रसिद्धच आहेत. या दांपत्याने आपला उपदेश घ्यावा, असे त्यांना वाटले. ते जमले नाही, तेव्हा त्यांनी छळ मांडला. बाईंची गाय आपल्या घरात कोंडून घातली आणि तिला मारले. पुढे त्या घराला आग लागली, तेव्हा लोकांना गाय सापडली आणि ती वाचली. गाईच्या अंगावरचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटलेले लोकांनी पाहिले, असे बाईंनी सांगितले आहे.

या मुक्कामात बाईंना मुलगी झाली. तिचे नाव काशी. बाळंतपणानंतर बाईंचे मन फार खचले. जगणे नको असे वाटण्यापर्यंत त्यांची मजल गेली. बाईंनी ही गोष्ट लपविली नाही, हे त्यांचे मोठे धैर्य. साक्षात गुरू जवळ, विठ्ठलाचे नाव मुखी, आणि तरीही असे विचार मनात आले! आजचे डॉक्टर सांगतात की बाळंतपणानंतर असे खचणे हे पुष्कळ बायकांना होते, तो एक आजार आहे, त्याला उपचार आहेत. बाईंच्या काळी ते ज्ञान नव्हते. म्हणून आपल्या घरात एखादी लेकसून अशी गप्प झाली, तर तिची भक्ती कमी पडली असे कोणी म्हणू नये. तिला एकटी सोडू नये, तिचे ऐकावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

बाईंना पुन्हा गुरूंचे दर्शन झाले. त्यांनी मरणाच्या वाटेवरून परत फिरविले, आणि कवित्वाचा आशीर्वाद दिला. इथून बाई अभंग बोलू लागल्या. आता या प्रसंगातली खूण ध्यानात घ्या. जे दुःख आतल्या आत कोंडले होते, त्याला शब्दाची वाट मिळाली. विठोबाशी बोलता बोलता मन हलके झाले. दुःख नाहीसे झाले असे नव्हे, पण ते सांगता येऊ लागले, आणि सांगता आले म्हणजे ते माणसाला गिळत नाही. पुढे त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव विठोबा.

त्यानंतर हे कुटुंब शिऊरला गेले. बाईंनी काही काळ मौनही पाळले. १६५० च्या सुमारास तुकोबांचे निर्याण झाल्याची वार्ता आली, तेव्हा त्या देहूस गेल्या आणि अठरा दिवस उपोषण करून बसल्या. कोल्हापुरात अन्न सुटले होते ते दुःखाच्या आघाताने. देहूस त्यांनी स्वतः ठरवून अन्न सोडले, आणि नंतर परत येऊन पन्नास वर्षे संसार केला. पहिल्या वेळी देहावर दुःखाची सत्ता होती, दुसऱ्या वेळी बाईंची. कोणी याचे अनुकरण करावे म्हणून हे लिहीत नाही; मनाची पायरी कशी चढत गेली एवढेच दाखवायचे आहे. समर्थ रामदासांच्या सहवासातही त्या राहिल्या, असे परंपरा सांगते.

प्रौढपणी बाईंनी वज्रसूची हा संस्कृत ग्रंथ मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोणाला म्हणावे, देहाला की जातीला की विद्येला, असा त्यातला प्रश्न आहे. आणि ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण, असा निर्णय आहे. गुरूच्या जातीवरून जिचा संसार मोडायला आला होता, तिनेच हा ग्रंथ निवडावा, यात सर्व आले. नवऱ्याशी भांडून तिने हा वाद जिंकला नाही. अभ्यासाने आणि वाणीने त्याचे उत्तर दिले.

बहात्तराव्या वर्षी बाईंना आपला अंत जवळ आल्याचे कळले. मुलगा बाहेरगावी होता. त्याला पत्र पाठवून बोलावून घेतले. त्याला जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली, हा तेरावा आणि शेवटचा, असे सांगितले. एकेकाळी मरण मागणारी ही बाई, तिच्यापुढे मरण खरोखर येऊन उभे राहिले तेव्हा ती शांतपणे मुलाशी बोलत होती. १७०० साली शिऊर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथे आहे.

तेव्हा माउलींनो, परमार्थ कधी सुरू करायचा, हा प्रश्न बाईंपुढे आलाच नाही. देह दुखत होता, मन फुटत होते, तेव्हाच त्यांचे नामस्मरण चालले होते. आणि नाम चालले असताना त्यांनी आजाऱ्याची उशीही सोडली नाही. घरातल्या दुखणाईताला वेळेवर औषध द्यावे, खचलेल्याजवळ बसावे, आणि मुखाने नाम घ्यावे. या तीन गोष्टी वेगळ्या काढून बाईंनी कधी पाहिल्या नाहीत. आपणही पाहू नयेत.

रामकृष्णहरी.