राजकुमारी अमृत कौर आणि स्त्रियांचे मत

आपले बऱ्हाणपूर मध्यप्रांत व वऱ्हाडात होते त्या काळची गोष्ट. १९४६ साली घटना समितीसाठी त्या प्रांतातून एक ख्रिस्ती भगिनी निवडून गेल्या. घराणे पंजाबातील कपूरथळ्याचे, पण वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात गांधीजींच्या चिटणीस म्हणून राहून त्या इकडच्याच झाल्या होत्या. त्या राजकुमारी अमृत कौर.

वडील राजा हरनामसिंग यांनी ख्रिस्ताला स्वीकारले आणि राजगादीवरचा हक्क सोडला. आई प्रिसिला या जालंधरचे बंगाली पाळक रेव्ह. गोलकनाथ यांची कन्या. राजकुमारींचे शिक्षण इंग्लंडात झाले. पुण्यात १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषद सुरू झाली, तिच्या कामात त्या पहिल्यापासून होत्या.

त्या वेळी मताचा हक्क मालमत्तेवर होता. मुंबई व मद्रास प्रांतांनी १९२१ मध्ये स्त्रियांना मत दिले खरे, पण जमीन किंवा घर बाईच्या नावावर असे कोठे? पुढे १९३२ साली लोथियन समिती आली. मालमत्ता असलेल्या पुरुषाच्या पत्नीला मत द्यावे, शिकलेल्या बाईलाही द्यावे, अशी योजना निघाली. राजकुमारींना स्वतःला तीत काहीच अडचण नव्हती. मागावर बसणारी विणकरीण आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारी मजूर बाई मात्र बाहेरच राहणार होत्या. म्हणून त्यांनी समितीपुढे सांगितले, प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत द्या. आम्हा स्त्रियांना राखीव जागाही नकोत.

हे सर्व भगिनींना पटले असे नाही. पहिल्या गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन आणि बेगम शाहनवाज यांचे म्हणणे, मिळते ते आधी पदरात पाडून घ्यावे. तेही काही वेडेपणाचे नव्हते. तरी १९३३ मध्ये राजकुमारी, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी व बेगम हमीद अली लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे तीच मागणी पुन्हा मांडली.

ती मान्य झाली नाही. १९३५ च्या कायद्याने सुमारे २ कोटी ९० लाख पुरुषांना मत मिळाले, स्त्रियांना अवघे ६० लाख.

घटना समितीत राजकुमारी मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर होत्या. हंसा मेहताही तेथे होत्या. १९५० ची राज्यघटना आली आणि २१ वर्षांवरील प्रत्येकाला मत मिळाले. मालमत्तेची अट गेली, शिक्षणाचीही गेली.

मग पहिली निवडणूक. हिमाचलात बर्फ पडण्याआधी, १९५१ च्या ऑक्टोबरातच मतदान सुरू झाले. तेथील मंडी-महासू मतदारसंघातून आरोग्यमंत्री राजकुमारी स्वतः उभ्या होत्या आणि निवडून आल्या. पण देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून गाळावी लागली. या बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच लिहून दिले होते. आमच्याकडील मंडळीच्या जुन्या वहीतही अशा ओळी मी पाहिल्या आहेत.