आयलीन ग्रे : पुसलेल्या नावाची रचनाकार

पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर काचेचा गोल माथा, हवी तितकी वाढवता येणारी उंची आणि पलंगाखाली सरकणारा पाया. अंथरुणातच न्याहारी करता यावी अशा बेताने केलेले हे छोटे टेबल आज जगभर ओळखीचे आहे. ते घडवणाऱ्या आयलीन ग्रे मात्र तीन दशकांहून अधिक काळ विस्मृतीत गेल्या होत्या.

आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात १८७८ साली एका सधन घराण्यात त्यांचा जन्म झाला. लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकून त्या पॅरिसला आल्या आणि सुगावारा या जपानी कारागिराच्या हाताखाली रोगणकाम शिकू लागल्या. हे काम विलक्षण चिकाटीचे. झाडाच्या चिकाचा एकेक पातळ थर द्यायचा, तो दमट हवेत वाळू द्यायचा, घासायचा आणि पुन्हा नवा थर. त्या चिकाने ग्रे यांच्या हातांची त्वचा बिघडली, तरी त्यांनी काम सोडले नाही. १९२२ मध्ये पॅरिसमध्ये दुकान उघडले तेव्हा त्याला नाव दिले ‘झाँ देझेर’, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या एका पुरुषाचे!

पुढे वास्तुविषयक नियतकालिकाचे संपादक झाँ बादोविची यांच्यासाठी त्यांनी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर घर बांधले. १९२९ मध्ये ते पुरे झाले. ‘ई-१०२७’ या नावात दोघांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. अंक हे रोमन वर्णमालेतील अक्षरांचे क्रमांक. ते टेबलही याच घरासाठी घडले. काही वर्षांतच ग्रे तेथून निघून गेल्या. १९३८ मध्ये ल कार्बुझिए यांनी, ज्यांना भारत चंडीगडमुळे ओळखतो, बादोविचींच्या संमतीने घराच्या भिंतींवर चित्रे रंगवली. ग्रे यांना कोणी विचारले नाही. त्यांच्या लेखी ती आपल्या रचनेची विटंबनाच होती. कालांतराने त्या घराचे श्रेयही इतरांकडे जाऊ लागले.

१९६८ मध्ये ‘दोमुस’ या इटालियन मासिकात जोसेफ रिक्वर्ट यांनी त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा ग्रे नव्वदीच्या होत्या. त्यानंतर दृष्टी अधू झालेली असतानाही आपल्या जुन्या रचनांच्या नव्या उत्पादनात त्यांनी लक्ष घातले. १९७६ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये त्यांची एक खुर्ची लिलावात सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना विकली गेली. पडझड झालेले ते घरही दुरुस्त करून लोकांसाठी खुले करण्यात आले. कार्बुझिए यांची भित्तिचित्रे मात्र तशीच जतन केली आहेत.