अणू कोसळत का नाही?

अणूची आकृती तुम्ही शाळेत काढलीच असेल. मध्ये केंद्रक, भोवती गोल कक्षा, त्यावर इलेक्ट्रॉनचे ठिपके. दोन मार्क मिळाले की विषय संपला! पण तेव्हाच्या नियमांनुसार ही आकृती टिकायलाच नको होती. ती टिकवली नील्स बोर नावाच्या २७ वर्षांच्या पोराने.

बोरचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५चा, कोपनहेगनचा. वडील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. नील्स फुटबॉलमध्ये गोलकीपर होता, पण घरातला स्टार प्लेअर धाकटा भाऊ हॅरल्ड. त्याने १९०८च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून रौप्यपदक मिळवलं, पुढे नावाजलेला गणितज्ञही झाला.

डॉक्टरेट मिळाल्यावर नील्स केंब्रिजला जे. जे. थॉमसनकडे गेला. तिथे काही सूर जुळले नाहीत. मग १९१२मध्ये त्याने मँचेस्टरला रदरफर्डची प्रयोगशाळा गाठली. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं हे रदरफर्डने नुकतंच मांडलं होतं आणि गोची तिथेच होती. वर्तुळात फिरणारा विद्युतभार सतत ऊर्जा बाहेर टाकतो. म्हणजे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकावर आदळायला हवा, तोही सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षा कमी वेळात. तुम्ही, हा पेपर, हातातला चहा, काहीच उरायला नको.

बोरने सरळ तो नियमच अणूच्या दाराबाहेर ठेवला. इलेक्ट्रॉन ठराविक कक्षांतच राहतो आणि तिथे ऊर्जा टाकत नाही, असं त्याने मानलं. प्रकाश बाहेर पडतो तो फक्त खालच्या कक्षेत उडी मारताना. सगळ्यात खालच्या कक्षेनंतर मात्र पायरीच नाही! यातून हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रेषांचं बामरचं सूत्र अचूक निघालं, जे बोरच्या जन्मसालीच मांडलं गेलं होतं. १९१३मध्ये त्याने यावर तीन शोधनिबंध छापले.

रदरफर्ड खूश होता, पण एक शंका त्याने काढलीच. उडी मारण्याआधीच कुठे थांबायचं हे इलेक्ट्रॉनला कळतं कसं? बोरकडे उत्तर नव्हतं. शिवाय हेलियमला त्याचं गणित लागू होईना. १९२२चं नोबेल मिळालं तरी हे प्रश्न तसेच राहिले.

उत्तर १९२५-२६मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्या नव्या सिद्धांतातून आलं. इलेक्ट्रॉन ठिपक्यासारखा फिरतच नाही, तो केंद्रकाभोवती पसरलेला असतो. त्याला जितकं आत दाबाल तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. केंद्रकाची ओढ आणि ही वाढ यांचा जिथे मेळ बसतो, तिथे अणू स्थिर होतो. म्हणजे बोरच्या कक्षा गेल्या. मला विचाराल तर बोर इथेच सगळ्यात मोठा वाटतो. स्वतःच्या कक्षांना तो चिकटून बसला नाही. कोपनहेगनच्या आपल्या संस्थेत तो हायझेनबर्गशी तासन् तास वाद घालायचा आणि बाहेर याच नव्या सिद्धांताची बाजू मांडायचा.

आइनस्टाइनला हा सिद्धांत अपुरा वाटायचा. १९३०मध्ये त्याने बोरपुढे एका काल्पनिक प्रकाशपेटीचं कोडं टाकलं होतं. आइनस्टाइन १९५५मध्ये गेला. बोर गेला १८ नोव्हेंबर १९६२ला, आणि आदल्या संध्याकाळी त्याने फळ्यावर काढलेलं चित्र त्याच पेटीचं होतं.